डिस्ट्रिक्ट हीटिंगचं स्वयंचलन आणि दूरनियंत्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल किंवा सॉफ्टवेअर करून या क्षेत्राकडे वळणारे लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. काही उत्तरं दोन ओळींत संपली आहेत, काही बरीच लांबली आहेत. प्रत्यक्ष कामात जिथे घोळ होतात, तिथे हात आखडता घेतलेला नाही.

डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणजे नेमकं काय?

एका ठिकाणी पाणी तापवायचं, जमिनीखालच्या नळांतून ते शहरभर फिरवायचं, प्रत्येक इमारतीने त्यातली उष्णता काढून घ्यायची आणि निवलेलं पाणी माघारी पाठवायचं. म्हणजे नळ दोन: एक जाणारा, एक परतीचा. अमेरिकेतल्या लॉकपोर्ट इथे बर्डसिल हॉली यांनी १८७७ मध्ये वाफेवर चालणारी अशी योजना व्यापारी तत्त्वावर सुरू केली. पुढे वाफेची जागा गरम पाण्याने घेतली आणि त्या पाण्याचं तापमानही पिढीगणिक उतरत गेलं. आज डेन्मार्कमधली सुमारे दोन तृतीयांश घरं आणि हेलसिंकीतल्या जवळपास ९० टक्के इमारती या पद्धतीने गरम राहतात. रेक्याविकला तर नेस्याव्हेट्लिरच्या भूऔष्णिक केंद्रातून सुमारे २७ किलोमीटरच्या नळातून गरम पाणी येतं आणि एवढ्या वाटेत ते जेमतेम दोन अंशांनी निवतं. चांगलं इन्सुलेशन असलं की अंतराचं भय उरत नाही.

पाणी तापवायचं आणि सोडायचं. यात स्वयंचलित करण्यासारखं काय आहे?

सगळ्यात मोठी अडचण उशिराची आहे. नळातलं पाणी साधारण सेकंदाला एक ते तीन मीटर वेगाने जातं. वेग दीड मीटर धरला तर दहा किलोमीटरवरच्या इमारतीत आत्ता तापवलेलं पाणी जवळजवळ दोन तासांनी पोहोचतं. दाबाचं तसं नाही. पंपाचा वेग वाढवला की दाबातला बदल सेकंदाला सुमारे एक किलोमीटर या गतीने पाण्यातून पुढे सरकतो, म्हणजे त्याच इमारतीला तो दहाएक सेकंदांत जाणवतो.

या दोन वेगांमुळे काम आपोआप वाटलं जातं. तापमान आधीच अंदाज बांधून ठरवावं लागतं, हवामानाचा अंदाज पाहून, चार-सहा तास पुढचा विचार करून. दाब आणि प्रवाह मात्र क्षणाक्षणाला सांभाळता येतात. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सगळं शहर एकदम आंघोळीला उठतं, तेव्हा लागणारी जादा उष्णता सहा वाजता तापवायला घेऊन चालत नाही. ती तेव्हा वाटेत असावी लागते.

इमारतीच्या तळघरात काय काय असतं?

दूरनियंत्रणाबद्दल बोलणाऱ्या पुष्कळांनी ही खोली पाहिलेलीच नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रस्त्याकडून दोन जाड, इन्सुलेशन गुंडाळलेले नळ भिंतीतून आत येतात. आधी बंद करायचे व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग दोन नळांच्या दाबातला फरक स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. हा रेग्युलेटर स्प्रिंग आणि लवचिक पडद्यावर चालतो, त्याला वीज लागत नाही. पुढे मोटरवर चालणारा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि उष्णता मोजणारा मीटर. मग प्लेट हीट एक्स्चेंजर: स्टीलच्या पातळ, नक्षीदार पत्र्यांची चळत. एका बाजूने शहराचं पाणी जातं, दुसऱ्या बाजूने इमारतीचं, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. साधारणपणे असे दोन एक्स्चेंजर असतात, एक रेडिएटरसाठी आणि एक आंघोळ-स्वयंपाकाला नळाच्या तोटीतून येणाऱ्या गरम पाण्यासाठी. इमारतीच्या बाजूला फिरवणारा पंप, प्रसरण टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. भिंतीवर पुस्तकाएवढा कंट्रोलर. त्याला बाहेरच्या हवेचा, जाणाऱ्या पाण्याचा, परतीच्या पाण्याचा आणि नळाच्या गरम पाण्याचा असे तापमान सेन्सर जोडलेले असतात.

खोलीत गेल्यावर आधी गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाबाचा गेज बघा. दोघांत मोठा फरक असेल तर गाळणी तुंबली आहे. हे दोन गेज नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर बहुधा नसतात. तिथल्या माणसाला फक्त “व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, तरी तापमान येत नाही” एवढंच दिसतं आणि तो दूरवरून सेटपॉइंट (कंट्रोलरला गाठायला सांगितलेलं तापमान) वाढवत बसतो.

बाहेर किती थंडी आहे यावरून आतलं पाणी कसं ठरतं?

कंट्रोलरमध्ये एक हीटिंग कर्व्ह भरलेला असतो. बाहेर शून्य अंश असेल तर रेडिएटरला पन्नास अंशांचं पाणी, उणे वीस असेल तर सत्तरचं, अशा धर्तीचा. आकडे इमारतीप्रमाणे बदलतात. जाड भिंतींच्या, नव्या खिडक्यांच्या इमारतीला सपाट कर्व्ह पुरतो, गळक्या इमारतीला चढा लागतो. कंट्रोलर बाहेरचं तापमान वाचतो, कर्व्हवरून हवं ते तापमान काढतो आणि व्हॉल्व्ह तेवढा उघडतो.

सगळा डोलारा उभा असतो तो बाहेरच्या त्या एका सेन्सरवर. तो उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून उंच, खिडकी आणि वायुवीजनाच्या तोंडापासून दूर असावा. दक्षिणेच्या भिंतीवर लावला तर लख्ख उन्हाच्या उणे पंधरा अंशांच्या दुपारी तो शून्य दाखवील आणि कंट्रोलर पाणी निववत जाईल. उत्तरेकडच्या खोल्यांतले लोक संध्याकाळी तक्रार करतील, तोपर्यंत ऊन गेलेलं असेल आणि तपासायला आलेल्या माणसाला सगळं ठीकठाक दिसेल.

तार तुटली तर आणखी गंमत. पीटी १००० जातीच्या सेन्सरचा रोध शून्य अंशाला १००० ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे ३.८५ ओहमने वाढतो. तार तुटली की रोध अनंत, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी बाहेर वणवा पेटलेला. अशा वेळी त्याने हीटिंग बंद करू नये, म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये अशक्य आकडा आला की ठरलेलं बाहेरचं तापमान, समजा शून्य, धरून चालायची सोय असते. ती चालू आहे की नाही हे कमिशनिंगच्या वेळी (यंत्रणा पहिल्यांदा चालू करून तपासताना) तार सोडवून पाहावं. सेन्सरची केबल लांब आणि बारीक असेल तर केबलचाच रोध चार ओहम भरतो आणि एक अंशाची चूक कायमची बसते. हिवाळाभर एक अंश म्हणजे थोडकं नव्हे.

प्रत्येक खोलीत थर्मोस्टॅट लावला की पुरे नाही का?

रेडिएटरवरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह हवाच. ऊन आलं, पाहुणे जमले, ओव्हन चालू झाला, तर तो त्या खोलीपुरता प्रवाह कमी करतो. पण पाणीच गरजेपेक्षा वीस अंश जास्त गरम आलं तर तो सतत जवळपास बंद स्थितीत घुटमळतो, शिट्टी वाजवतो आणि नीट नियंत्रण करू शकत नाही. ढोबळ काम कर्व्हचं, बारीक काम थर्मोस्टॅटचं.

परतीच्या पाण्याचं तापमान एवढं का जपतात?

या एका आकड्यावरून जाळ्याची तब्येत कळते.

एक घनमीटर पाणी एक अंशाने निवलं की सुमारे १.१६ किलोवॅट-तास उष्णता देतं. जाणारं पाणी ८० अंश आणि परतीचं ४० असेल तर प्रत्येक घनमीटरमागे साधारण ४६ किलोवॅट-तास इमारतीत राहतात. परतीचं ६० असेल तर २३. म्हणजे तीच इमारत तेवढीच गरम ठेवायला दुप्पट पाणी फिरवावं लागतं. नळ तेच असतील तर घर्षणामुळे दाब चौपट लागतो आणि पंपाची वीज आठपट. शिवाय गरम परतीचा नळ वाटेत जमीन तापवतो, आणि वीज-उष्णता एकत्र तयार करणाऱ्या केंद्रात किंवा धुरातली उष्णता पकडणाऱ्या यंत्रणेत कार्यक्षमता घटते. उष्णता पंप आणि कारखान्यांची टाकाऊ उष्णता जोडायची असेल तर परतीचं पाणी गार हवंच. ओडेन्समध्ये डेटा सेंटरची उष्णता शहराच्या जाळ्यात जाते. असे स्रोत मुळात कोमट असतात, त्यांना गार पाणी लागतं.

परतीचं तापमान बिघडवणारे कारभारी ठरलेले आहेत. व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. एक्स्चेंजरवर क्षार चढलेत. कोणीतरी पूर्वी “तात्पुरती” बायपास लाइन, म्हणजे गरम पाणी तसंच परतीच्या नळात सोडणारी आडवाट, उघडली आणि ती तशीच राहिली. सेटपॉइंट इतका उंच ठेवलाय की गाठताच येत नाही, म्हणून व्हॉल्व्ह रात्रंदिवस सताड उघडा. हे सगळं दूरून सापडतं, पण एका इमारतीकडे बघून नव्हे. शहरातल्या सगळ्या उपकेंद्रांचे (म्हणजे तळघरातल्या या जोडणीचे) तासातासाचे आकडे शेजारी ठेवले आणि प्रत्येक इमारत तेवढ्या उष्णतेसाठी किती जास्त पाणी वापरते हे मांडलं, की मूठभर इमारती बाकीच्यांपासून वेगळ्या पडतात. आधी त्याच दुरुस्त कराव्यात. दूरनियंत्रणावर घातलेला पैसा लवकर वसूल होतो तो इथे, रंगीबेरंगी पडद्यांतून नव्हे. डेन्मार्क-स्वीडनमधल्या अनेक कंपन्या परतीचं पाणी गार ठेवणाऱ्याला बिलात सूट देतात आणि गरम पाठवणाऱ्याला भुर्दंड लावतात. त्यामुळे इमारतीच्या मालकालाही यात रस वाटतो.

नियंत्रण कक्षात बसून नेमकं काय चालवतात?

दोन वेगळी कामं आहेत.

पहिलं जाळ्याचं. जाणाऱ्या पाण्याचं तापमान किती ठेवायचं, पंप किती जोरात फिरवायचे, कुठला बॉयलर कधी पेटवायचा. पंपांसाठी सगळ्यात दूरच्या किंवा उंचावरच्या अशा अडचणीच्या टोकाला दाबातला फरक मोजतात आणि तो ठरलेल्या किमान आकड्याच्या जरा वर राहील एवढाच वेग ठेवतात. हे टोक कायम एकच नसतं. दुसऱ्या बाजूचा बॉयलर पेटला की अडचणीची जागाही सरकते, म्हणून चार-पाच ठिकाणचा दाब पाहून त्यातला सर्वांत कमी धरतात. पाणी शंभर अंशांच्या वर असेल तर दाब पडू देणं धोक्याचं: १३० अंशांचं पाणी द्रवरूप ठेवायला सुमारे २.७ बार निरपेक्ष दाब लागतो. त्याखाली गेलं की नळात वाफ होते आणि ती पुन्हा विरताना बसणारे हादरे सांधे उखडतात. त्याच कारणाने मोठे व्हॉल्व्ह सावकाश बंद होतील असेच बसवतात.

साठवणीच्या टाक्या असतील तर कामात मजा येते. वीज महाग असताना केंद्र जोरात चालवायचं, वीज विकायची आणि उष्णता टाकीत भरून ठेवायची. डेन्मार्कमधल्या व्होयेन्स इथे तर सुमारे दोन लाख घनमीटरचा खड्डाच आहे, उन्हाळ्यातली सौरउष्णता साठवण्यासाठी. कोपनहेगन परिसरात कुठल्या केंद्राने किती उष्णता द्यायची याचं वेळापत्रक दुसऱ्या दिवसासाठी आदल्या दिवशी ठरतं.

दुसरं काम उपकेंद्रांचं: कर्व्ह बदलणं, वेळापत्रक लावणं, अलार्म बघणं. अलार्मबद्दल एक स्पष्ट मत: दिवसाला शेकडो अलार्म येत असतील तर अलार्म व्यवस्था नाहीच असं समजावं. ड्यूटीवरचा माणूस ते न वाचता पोचपावती देत जातो आणि खरा अलार्म त्या ढिगात गाडला जातो. ज्यावर त्याच रात्री काहीतरी करायचं आहे तेवढ्यालाच अलार्म म्हणावं, बाकीच्यांची सकाळी यादी बघावी.

संपर्क तुटला तर घरं गारठतात का?

गारठता कामा नयेत. गारठत असतील तर रचनाच चुकली आहे.

बाहेरचं तापमान वाचणं, कर्व्हवरून सेटपॉइंट काढणं, व्हॉल्व्ह हलवणं हे सगळं तळघरातल्या कंट्रोलरने स्वतः करायचं. नियंत्रण कक्षाने फक्त दुरुस्ती सुचवायची: “पुढचे सहा तास दोन अंश कमी ठेव.” आणि त्या सूचनेला मुदत हवी. सहा तासांनी नवी सूचना आली नाही तर कंट्रोलर आपोआप मूळ कर्व्हवर यायला हवा. मुदत न घालता पाठवलेला सेटपॉइंट आणि लगेच तुटलेली लाइन ही जोडी फार वाईट. बाहेर पारा उणे पंचवीसवर उतरलेला आणि इमारत अजून कालच्या मवाळ दुपारच्या आकड्यावर.

काही गोष्टी तर कंट्रोलरवरही सोपवायच्या नाहीत. वायुवीजन यंत्रातली तापवणारी कॉइल बघा. बाहेरची उणे वीसची हवा पंख्याने थेट तिच्यावर येते. पाण्याचा प्रवाह थांबला तर काही मिनिटांत कॉइल गोठते, बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि तांब्याच्या नळ्या फुटतात. म्हणून कॉइलमागे बारीक केशिकानळीचा फ्रॉस्ट थर्मोस्टॅट ताणलेला असतो, सहसा पाच अंशांच्या आसपास लावलेला. तो सरळ तारेने पंखा थांबवतो, हवेची झडप बंद करतो आणि पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. मध्ये सॉफ्टवेअर नाही, नेटवर्क नाही. परत चालू करायचं तर माणसाने जाऊन बटण दाबायचं. “दूरून रीसेट करता आलं तर बरं” अशी मागणी दर हिवाळ्यात होते. ती मान्य करू नये, कारण कॉइल फुटलेली असेल तर दूरून ते दिसत नाही.

आणि वीज गेली तर?

इमारतीतला पंप थांबतो, रेडिएटर निवायला लागतात. जड बांधणीच्या इमारतीत उष्णता बराच काळ टिकते, त्यामुळे काही तासांची वीजकपात खपून जाते. आधी गोठतात ते प्रवेशद्वाराजवळचे, गॅरेजमधले आणि माळ्यावरचे नळ. मुख्य पंपांना मात्र पर्यायी वीज लागतेच. २००६ च्या जानेवारीत युक्रेनमधल्या अल्चेव्हस्क शहरात कडाक्याच्या थंडीत मुख्य नळ फुटला. प्रवाह थांबला आणि बघता बघता इमारतींमधले नळ आणि रेडिएटर गोठून फुटत गेले, मुलांना शहराबाहेर हलवावं लागलं. मूळ बिघाड एका जागचा होता. शहर पुन्हा उभं करताना दुरुस्ती घरोघरी करावी लागली.

जुन्या सोव्हिएत पद्धतीच्या जाळ्यांत हे बसवता येतं का?

येतं, पण आधी एलिव्हेटर काढावा लागतो. हा लिफ्टचा नव्हे, पाण्याचा एलिव्हेटर: अरुंद तोंडातून जोरात येणारं गरम पाणी इमारतीतलं परतीचं पाणी ओढून घेतं आणि दोन्ही मिसळून रेडिएटरला जातं. पंप नाही, वीज नाही, हलणारा भाग नाही. बनवणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यावी लागते, दशकानुदशकं ते चालत राहतं. पण मिश्रणाचं प्रमाण तोंडाच्या व्यासावर ठरलेलं. प्रवाह कमी करायला गेलं की ओढण्याचा जोरही जातो आणि टोकाचे रेडिएटर गार पडतात.

त्यामुळे त्या जाळ्यांत सगळं नियंत्रण केंद्राकडूनच व्हायचं: प्रवाह स्थिर, तापमान हवामानाप्रमाणे बदलतं. आराखड्यांवर “१५०/७०” किंवा “१३०/७०” असे आकडे दिसतात ते कडाक्याच्या थंडीत जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्याचे. रशियात दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिलं की हीटिंगचा हंगाम सुरू होतो, बीजिंगला १५ नोव्हेंबर ते १५ मार्च अशी तारीखच ठरलेली. सगळ्या शहराला एकच बटण. मग मार्चच्या उबदार दुपारी लोक खिडक्या उघडून तापमान सांभाळतात.

एलिव्हेटरच्या जागी पंप, व्हॉल्व्ह आणि कंट्रोलरचं उपकेंद्र बसवलं की प्रत्येक इमारत आपलं ठरवते. मात्र शेकडो इमारतींनी एकाच वेळी प्रवाह कमी-जास्त करायला सुरुवात केली, की वर्षानुवर्षं स्थिर प्रवाहावर चाललेले केंद्राचे पंप गोंधळतात. म्हणून आधी पंपांना वेग बदलणारे ड्राइव्ह, नंतर इमारती. उलट क्रमाने गेलं की दाबाच्या तक्रारी आल्याच.

मीटर दूरून कसे वाचतात?

मीटरचे तीन भाग: प्रवाह मोजणारा (हल्ली बहुधा अल्ट्रासोनिक), जाणाऱ्या आणि परतीच्या नळातले जोडीने जुळवलेले दोन तापमान सेन्सर आणि हिशेब करणारा कॅल्क्युलेटर. सेन्सर जोडीनेच बदलायचे. एक बिघडला म्हणून एकच नवा टाकला तर तापमानातला फरक चुकतो, आणि बिल त्या फरकावरच निघतं.

आकडे एम-बस या मीटर वाचायच्या पद्धतीच्या दोन तारांवरून, ८६८ मेगाहर्ट्झच्या रेडिओवरून किंवा मोबाइलच्या एनबी-आयओटी जाळ्यावरून जातात. जाड काँक्रीटच्या तळघरातून रेडिओ बाहेर पडत नाही ही रोजची रड. अँटेनाची केबल पहिल्या मजल्यापर्यंत आणली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. बॅटरीवरचा मीटर दर काही सेकंदांनी आकडे पाठवू शकत नाही, म्हणून बिलाचा मीटर नियंत्रणासाठी वापरायचा मोह आवरावा.

युरोपीय संघाच्या २०१८ च्या सुधारित निर्देशानुसार २५ ऑक्टोबर २०२० नंतर बसवलेले उष्णता मीटर दूरून वाचता येणारे हवेत आणि जुने १ जानेवारी २०२७ पर्यंत तसे करायचे आहेत. तासातासाच्या आकड्यांवरून घरात कोणी आहे की नाही, कधी उठतात, कधी आंघोळ करतात हेही कळतं. त्यामुळे कोणाला कुठल्या बारकाव्याचे आकडे दिसतील हे आधी लिहून ठरवावं. इमारतीच्या पातळीवर तासाचे, घराच्या पातळीवर महिन्याचे, एवढ्यावर बरंच काम भागतं.

जमिनीखालची गळती कशी सापडते?

आजचे नळ तयार इन्सुलेशनसह येतात: आत स्टील, मध्ये पॉलियुरेथेनचा फेस, बाहेर पॉलिथिनचं कवच. त्या फेसात तांब्याच्या दोन तारा असतात. फेस ओला झाला की तार आणि नळ यांच्यातला रोध पडतो आणि अलार्म येतो. तारेतून विजेचा ठोका पाठवून त्याचा पडसाद किती वेळाने येतो हे मोजलं की ओल साधारण किती मीटरवर आहे तेही कळतं. ही यंत्रणा पुष्कळ ठिकाणी विकत घेतलेली असते आणि चालू नसते, कारण सांध्यांवर तारा जोडताना घाई झालेली असते. खड्डा बुजवण्याआधी प्रत्येक सांध्याचा रोध मोजून कागदावर लिहून घ्यावा, नंतर पस्तावून काही हाती लागत नाही. जुन्या नळांसाठी केंद्रात जाळ्यात किती नवं पाणी भरावं लागतं याचा हिशेब आणि हिवाळ्याच्या रात्री ड्रोनवरून काढलेली उष्णतेची छायाचित्रं, हे दोन उपाय.

व्हॉल्व्ह सारखा उघडझाप करतो. कंट्रोलर खराब आहे का?

क्वचितच. बहुधा व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा असतो. कडाक्याच्या थंडीसाठी निवडलेला, त्यावर “असू दे थोडा मोठा” म्हणून वाढवलेला व्हॉल्व्ह सौम्य हवेत दोन-तीन टक्के उघडा राहतो आणि तेवढ्यात नीट नियंत्रण जमत नाही. तापमान वर-खाली डोलत राहतं, अ‍ॅक्च्युएटरचे (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या मोटरचे) गिअर झिजतात. कंट्रोलर किती जोरात प्रतिसाद देतो हे ठरवणारे (पीआय) आकडे बदलून थोडा आराम पडतो. खरा इलाज म्हणजे लहान व्हॉल्व्ह, किंवा एका मोठ्याऐवजी दोन समांतर: लहान आधी उघडतो, पुरेनासं झालं की मोठा.

सायबर हल्ल्याचा धोका खरा आहे का?

खरा आहे, घडून गेलेला आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये फिनलंडमधल्या लापेनरांटा इथे दोन इमारतींचे हीटिंग कंट्रोलर इंटरनेटवरून आलेल्या मागण्यांच्या लोंढ्यात सापडले. ते पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले आणि हीटिंग थांबलं. कंट्रोलर तळघरातच होता, तरी वाचला नाही, कारण तो थेट इंटरनेटला जोडलेला होता.

दुसरी घटना जास्त गंभीर. जानेवारी २०२४ मध्ये, शून्याखालच्या थंडीत, युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरात सहाशेहून अधिक निवासी इमारतींचं हीटिंग जवळपास दोन दिवस बंद पडलं. ड्रॅगोस या सुरक्षा कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये याचा तपशील प्रसिद्ध केला आणि वापरलेल्या हत्याराला फ्रॉस्टीगूप असं नाव दिलं. हल्लेखोरांनी कंट्रोलरना मॉडबस (अशा यंत्रांची आपसात बोलायची भाषा) मधून आज्ञा पाठवल्या, कंट्रोलर चुकीची मापं दाखवू लागले आणि यंत्रणा त्या चुकीच्या मापांवर इमानेइतबारे चालत राहिली. फर्मवेअर (कंट्रोलरमधलं मूळ सॉफ्टवेअर) जुन्या आवृत्तीवर नेऊन त्यांनी नियंत्रण कक्षाला दिसणंही बंद केलं.

मॉडबस १९७९ मधला. आज्ञा कोण देतंय हे विचारायची सोय मूळ रचनेतच नाही: जो बोलेल त्याचं ऐकायचं. एका कॅबिनेटच्या आत, दोन मीटर तारेवर हे ठीक आहे. तेच इंटरनेटवर उघडं ठेवणं म्हणजे दाराला कडीच नसणं. तेव्हा कंट्रोलर कधीही सार्वजनिक पत्त्यावर नको, मध्ये व्हीपीएन (कुलूपबंद खाजगी वाट) हवा, राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत हवं, एका इमारतीतून शेजारच्या इमारतीपर्यंत नेटवर्कने पोहोचता येऊ नये. ज्या आज्ञा दूरून द्यायची गरजच नाही, त्या कंट्रोलरने स्वीकारूच नयेत. सेटपॉइंट दोन-चार अंश हलवू दे, पण फर्मवेअर बदलायचं असेल तर माणूस तिथे जाऊ दे. थोडं गैरसोयीचं आहे, पण परवडतं.

रात्री तापमान उतरवल्याने बचत होते का?

हलक्या, लवकर निवणाऱ्या इमारतीत थोडी. जड इमारतीत रात्रभरात तापमान मुळात फारसं पडत नाही, आणि सकाळी सगळ्यांनी एकदम तापवायला घेतलं की जाळ्यावर मागणीचं शिखर उभं राहतं. ते भागवायला तेला-गॅसचा महागडा बॉयलर पेटवावा लागतो. इमारतीच्या वस्तुमानाचा खरा उपयोग उलटा आहे: सकाळच्या त्या दोन तासांत निरनिराळ्या इमारतींची उष्णता आळीपाळीने थोडी कमी करायची. आत राहणाऱ्याला जाणवतही नाही.

नळाच्या गरम पाण्याचं तापमानही उतरवावं का?

नाही. साठवणीच्या टाकीत ६० अंशांच्या आसपास आणि फिरत्या लाइनमध्ये निदान पन्नासच्या वर ठेवतात, कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात म्हणून. ऊर्जा वाचवण्याच्या मोहिमेत हा सेटपॉइंट दूरून बदलता येणार नाही असाच कुलूपबंद करावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हे सगळं आपोआप होईल का?

उद्याची मागणी किती याचा अंदाज बांधण्यात आणि बिघडलेली उपकेंद्रं शोधण्यात तिचा चांगला उपयोग होतो. उन्हात लावलेला सेन्सर ती सावलीत हलवू शकत नाही.

उन्हाळ्यात यंत्रणेचं काय करायचं?

हीटिंगचा पंप बंद, पण आठवड्यातून एकदा काही सेकंद फिरवायचा आणि व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडून बंद करायचा. नाहीतर महिनोन्‌महिने थांबलेला पंप पहिल्या थंडीला जाम झालेला सापडतो. बहुतेक कंट्रोलरमध्ये ही सोय असते, फक्त चालू करावी लागते.

हजार इमारती आहेत, पैसे थोडे आहेत. सुरुवात कुठून करावी?

आधी मीटर दूरून वाचायला लागा, नियंत्रण नंतर. एक हिवाळा आकडे साठवा, परतीच्या तापमानावरून वाईट इमारतींची यादी काढा, आणि प्रत्येक तळघरात टॉर्च, थर्मामीटर आणि पाना घेऊन जा. गाळण्या साफ करा, बायपास बंद करा, सेन्सरच्या जागा बदला. मगच दूरवरून सेटपॉइंट हलवणारी यंत्रणा विकत घ्या, आणि निविदेत एक अट घाला: कमिशनिंगच्या दिवशी ठेकेदाराने नेटवर्कची केबल काढायची, तीन दिवस ती बाहेर ठेवायची, आणि चौथ्या दिवशी इमारतीच्या आतल्या तापमानाची नोंद दाखवायची.